वैनगंगेकाठचा ऊस आणि गाडीतले इथेनॉल

तुमसरहून सिहोऱ्याकडे जाणारा राज्यमार्ग बपेऱ्याला पोचतो तेव्हा महाराष्ट्र संपत आलेला असतो. पुढे मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा लागतो. वैनगंगा आणि तिची उपनदी बावनथडी यांच्या खोऱ्यातला हा टापू धानाचा आहे. पावसाळ्यात बांध्या भरतात, पऱ्हे उपटून रोवणी होते आणि दिवाळीच्या सुमारास धान घरात येते. चांदपूर जलाशय, नदीचे पाणी उपसून त्यात टाकणारी सोंड्याटोला उपसा सिंचन योजना आणि बावनथडीवरचा राजीव सागर हा दोन राज्यांचा संयुक्त प्रकल्प यांच्या भरवशावर काही शिवारांत उन्हाळी धानही उभे राहते. याच पट्ट्यात निचऱ्याच्या जमिनींवर ऊस आहे. त्याला जवळचा साखर कारखाना म्हणजे मोहाडी तालुक्यातल्या देव्हाड्याचा. आणि नदीच्या दोन्ही काठांवरच्या पंपांवर आज मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये पाचवा हिस्सा इथेनॉलचा आहे. म्हणजे शेतातल्या पिकाचा आणि मोटारसायकलच्या टाकीचा संबंध आता थेट जोडला गेला आहे. तो किती वाढवावा, हा या प्रकरणाचा विषय. ऊस पाणी फार पितो, म्हणून उसाचे इंधन नको, असे एक मत आहे. ऊस शेतकऱ्याला पैसा देतो आणि देशाचे परकीय चलन वाचवतो, म्हणून हवे तेवढे इथेनॉल करा, असे दुसरे. दोन्ही मते मला अपुरी वाटतात, कारण दोन्हींत एक प्रश्न विचारलेलाच नाही: हा ऊस कशाच्या बदल्यात उभा राहणार आहे? सोलापुरात या प्रश्नाचे जे उत्तर येते तेच बपेऱ्याला येत नाही.

आधी एक टन उसातून काय काय निघते ते नीट पाहू, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. दहा टक्के उतारा धरला तर एका टनातून १०० किलो साखर मिळते. साधारण २८० ते ३०० किलो बगॅस निघते, ज्यात निम्मे पाणी असते आणि जे कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळते. साखरेचे दाणे पुन्हा पुन्हा काढून झाल्यावर ज्यातून आणखी साखर काढणे परवडत नाही असा काळपट दाट द्रव उरतो. ती शेवटची मळी, कारखानदारीच्या भाषेत सी हेवी. ती टनाला ४० ते ४५ किलो निघते आणि तिच्यापासून १० ते ११ लिटर इथेनॉल होते. साखर काढण्याची एक फेरी आधीच थांबवली तर उरणाऱ्या बी हेवी मळीत साखर जास्त असते. तिच्यातून टन उसामागे २० लिटरच्या आसपास इथेनॉल मिळते, मात्र साखरेत सुमारे १५ किलोंची घट येते. आणि साखर करायचीच नाही, सगळा रसच आंबवायचा असे ठरवले तर एका टनाला जवळपास ७० लिटर इथेनॉल मिळते. या तीन आकड्यांमध्ये तीन वेगवेगळी धोरणे आहेत. पहिल्यात इंधनासाठी उसाचे एक कांडेही वेगळे लावावे लागत नाही. तिसऱ्यात शेतच इंधनाचे होते. वर्तमानपत्रात 'उसापासून इथेनॉल' असा एकच शब्दप्रयोग येतो, तेव्हा हा फरक दिसेनासा होतो.

कारखान्यातली प्रक्रिया तत्त्वाने सोपी आहे. मळी किंवा रस पाण्याने पातळ करून त्यात यीस्ट सोडतात. हे सूक्ष्मजीव साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतात. वजनाच्या हिशेबाने साखरेतला साधारण निम्मा भाग अल्कोहोल होतो आणि उरलेला वायू होऊन उडून जातो. आंबलेल्या द्रवात अल्कोहोलचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास गेले की यीस्टलाच ते सोसवेनासे होते. मग ऊर्ध्वपातन करायचे. इथे निसर्गाने एक अडसर ठेवला आहे: अल्कोहोल आणि पाणी यांचे मिश्रण सुमारे ९५.६ टक्क्यांपर्यंत शुद्ध होते आणि त्यापुढे दोन्ही एकाच तापमानाला एकत्र उकळू लागतात. दारूला किंवा रसायनांना तेवढे पुरते, पेट्रोलला पुरत नाही, कारण राहिलेले पाणी टाकीत वेगळे होऊन तळाशी बसते. म्हणून ती वाफ झिओलाइटच्या थरातून नेतात. त्याची छिद्रे इतकी बारीक असतात की पाण्याचा रेणू आत अडकतो आणि अल्कोहोलचा मोठा रेणू पुढे निघून जातो. ९९.५ टक्क्यांहून शुद्ध असे हे निर्जल इथेनॉल तेल कंपन्यांकडे जाते. या यंत्रांच्या बांधणीत पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे नाव जगभर आहे, आणि उसाच्या बाजूने मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ पासून काम करते आहे. म्हणजे तंत्राची वाण महाराष्ट्राला नाही.

या इंधनाला नवीकरणीय म्हणण्याचे कारण असे, की जळताना जो कार्बन हवेत जातो तो उसाने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो. पण एवढ्याने भागत नाही. युरिया करायला नैसर्गिक वायू लागतो, पंपाला वीज लागते, ऊस वाहायला डिझेल लागते. हे सगळे वजा करून किती उरते ते पाहायला हवे. इथे उसाची एक मोठी जमेची बाजू आहे: तो आपले जळण स्वतः घेऊन येतो. बगॅसवर कारखाना चालतो आणि वर वीजही उरते. ब्राझीलच्या उसाबाबत झालेल्या अभ्यासांत, बाहेरून घातलेल्या जीवाश्म ऊर्जेच्या सुमारे आठपट ऊर्जा इथेनॉलमधून परत मिळते असे आढळले आहे. अमेरिकेच्या मक्याच्या इथेनॉलला हे गुणोत्तर दोनच्या आतबाहेरच राहते, कारण मका शिजवायला आणि आसवायला बाहेरचे जळण लागते. आपल्याकडे उसाला सिंचनाची वीज जास्त लागते, म्हणून ब्राझीलचा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी धान्यापेक्षा ऊस या बाबतीत पुढे आहे, यात शंका नाही.

महाराष्ट्राचा पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या कार्यक्रमाशी संबंध पहिल्या दिवसापासूनचा आहे. २००१ साली पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचे जे प्रायोगिक प्रकल्प देशात सुरू झाले, त्यांतले दोन मिरज आणि मनमाड इथले होते, तिसरा उत्तर प्रदेशात बरेलीजवळ. जानेवारी २००३ मध्ये हा कार्यक्रम नऊ राज्यांत आणि चार केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला, आणि पुढे दहा वर्षे रखडला. २०१३-१४ मध्ये देशभर ३८ कोटी लिटर इथेनॉल मिसळले गेले, म्हणजे जेमतेम दीड टक्का. बदल झाला तो २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर. बी हेवी मळी आणि उसाचा रस यांपासूनच्या इथेनॉलला वेगळे, चढे दर मिळू लागले, आणि खराब झालेले तसेच अतिरिक्त धान्यही वापरायला वाट मोकळी झाली. जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा आला. २०२३-२४ मध्ये पुरवठा ७०७ कोटी लिटरवर गेला, मिश्रण १४.६ टक्क्यांवर, आणि २०२५ मध्ये वीस टक्के. मूळ उद्दिष्ट २०३० चे होते. हा वेग कौतुकाचा आहे, आणि काळजीचाही, कारण मागणी एवढ्या झपाट्याने वाढली की कच्चा माल कुठून यावा याचा विचार मागे राहिला. २०२३ च्या अपुऱ्या पावसाने महाराष्ट्र आणि कर्नाटकाचा ऊस घटणार असे दिसताच ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. आठवड्याभरात ती सैल करून १७ लाख टन साखरेइतका रस आणि बी हेवी मळी वापरायला मुभा दिली. पुढच्या वर्षासाठी बंदी पूर्ण उठली. तोवर धान्याने उसाला मागे टाकले होते.

ब्राझीलने हीच अडचण आपल्या आधी अनुभवली आहे. तेलाच्या भाववाढीनंतर १४ नोव्हेंबर १९७५ ला त्या देशाने उसाच्या अल्कोहोलचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, १९७९ मध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणारी मोटार बाजारात आणली. दहा वर्षांनी साखरेचे जागतिक भाव चढले, कारखाने साखरेकडे वळले आणि पंपांपुढे रांगा लागल्या. लोकांचा विश्वास उडाला तो पुढे बराच काळ परत आला नाही. २००३ मध्ये कोणत्याही प्रमाणातले मिश्रण चालवणारी फ्लेक्स-फ्युएल गाडी आली तेव्हा कुठे घडी बसली, कारण आता उसाचा तुटवडा पडला तर ग्राहक पेट्रोल भरू शकत होता. भारतात मात्र वीस टक्के ही ठरलेली मात्रा आहे. पाऊस कमी पडो की जास्त, तेवढे इथेनॉल यावेच लागते. उसातून आले नाही तर मक्यातून, मक्यातून नाही तर तांदळातून. आणि तांदूळ म्हटला की भंडारा जिल्हा या चित्रात येतो.

भंडाऱ्याची ओळख धानाची आणि तुमसरची तांदळाच्या बाजारपेठेची, त्यामुळे ऊस इथे पश्चिम महाराष्ट्रातून आणलेले परके पीक आहे असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. या जिल्ह्यातले मालगुजारी तलाव बांधणाऱ्यांत कोहळी समाज अग्रणी होता, आणि ब्रिटिश काळातल्या मध्य प्रांतावरच्या लिखाणात कोहळ्यांची नोंद तलाव बांधणारे आणि ऊस पिकवणारे अशी जोडीनेच येते. पूर्वीच्या भंडाऱ्यातला आणि १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात असलेला नवेगावबांध ही त्याच परंपरेची देणगी. तलावाखालच्या ओलिताची खात्री होती तेवढ्याच जमिनीवर ऊस, त्याचा गूळ, आणि बाकी सगळीकडे धान, अशी ती व्यवस्था होती. तिच्यातला शहाणपणा मला महत्त्वाचा वाटतो. पाणी किती आहे ते आधी ठरे, त्यावरून ऊस किती लावायचा ते ठरे. साखर कारखान्याच्या काळात हा क्रम उलटला. कारखान्याची गाळपक्षमता आधी ठरते आणि तेवढा ऊस मिळावा म्हणून पाणी शोधले जाते.

आता पाण्याचा हिशेब मांडू. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यात उसाच्या एक लिटर इथेनॉलमागे २,८६० लिटर पाणी लागते असे म्हटले आहे. टनाला ७० लिटर धरले तर एका टन उसामागे सुमारे दोन लाख लिटर पाणी झाले. एकरी ३० टन उत्पादन माना, म्हणजे साठ लाख लिटर. तेवढे पाणी एका एकरावर उभे केले तर जवळपास दीड मीटर खोल होईल. आकडा धडकी भरवणारा आहे, पण यात पावसाचे पाणीही धरलेले आहे हे विसरायचे नाही. भंडाऱ्याचा सरासरी पाऊस १,३०० मिलिमीटरच्या आसपास, सोलापूरचा साडेपाचशेच्या आसपास. पावसाचे सगळे पाणी पिकाला मिळत नाही. बरेचसे चार महिन्यांत वाहून जाते. तरी उसाच्या गरजेतला वीस-पंचवीस लाख लिटरचा भाग इथे आभाळातून येतो असे धरणे अवास्तव नाही. उरलेले पस्तीस-चाळीस लाख लिटर नदीतून, विहिरीतून किंवा जलाशयातून द्यावे लागतात. सोलापुरात हा उरलेला आकडा कितीतरी मोठा असतो, आणि तिथे त्याच पाण्यावर ज्वारी, तूर, डाळिंब यांचे अनेक एकर भिजू शकले असते. म्हणून तिथल्या उसावरची टीका मला मान्य आहे.

बपेऱ्याच्या परिसरात मात्र उन्हाळी पाण्याचा दुसरा दावेदार कोण आहे? मुख्यतः उन्हाळी धान. एक किलो तांदळामागे तीन हजार लिटर पाणी हा सावध अंदाज आहे. एकरी वीस क्विंटल धान आले तर भरडाईनंतर सरकारी प्रमाणाने, म्हणजे ६७ टक्के, १३ क्विंटल ४० किलो तांदूळ होतो. त्यामागे चाळीस लाख लिटर पाणी गेले, आणि उन्हाळ्यात पाऊस नसल्यामुळे जवळजवळ सगळे साठवलेले. म्हणजे जलाशयावरचा भार दोन्ही पिकांचा सारखाच निघतो. फरक उत्पन्नात आहे. तो तांदूळ डिस्टिलरीत घातला तर किलोला सुमारे ४३० मिलिलिटर या हिशेबाने पावणेसहाशे लिटर इथेनॉल होते. उसाच्या एकरातून सगळा रस वापरला तर २,१०० लिटर. कोणी म्हणेल, ऊस वर्षभर जमीन अडवतो, तेव्हा पावसाळी धानही जमेस धरा. धरू. दोन्ही हंगामांचा तांदूळ जरी पूर्ण इंधनाला लावला तरी अकराशे-साडेअकराशे लिटरच्या वर जात नाही. शिवाय उसाला ठिबक लावता येते. महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये ते टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्याचा निर्णय घेतलाही होता, अंमल अर्धामुर्धा राहिला ही गोष्ट वेगळी. चिखलणी करून पाणी उभे ठेवायचे त्या धानाला ती सोय नाही.

तांदूळ इंधनाला लावण्याची कल्पना काही माझी नाही. भारतीय अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी दिला जातो. जुलै २०२३ मध्ये तो थांबवला होता, पुढे साठे वाढल्यावर पुन्हा सुरू झाला, आणि २०२५ च्या आरंभी त्याचा दर क्विंटलला २,२५० रुपये ठरला. त्या हंगामात साध्या धानाची आधारभूत किंमत २,३०० रुपये होती. एक क्विंटल तांदळाला जवळपास दीड क्विंटल धान लागते, म्हणजे नुसत्या धानाचेच ३,४०० रुपयांवर झाले. भरडाई, बारदाना, वाहतूक आणि गोदामाचे भाडे त्यावर वेगळे. जनतेच्या पैशाने महाग घेतलेले आणि जनतेच्या पाण्याने पिकवलेले धान्य तोट्यात विकून त्याचे इंधन करायचे, आणि त्याच वेळी ऊस पाणी पितो म्हणून उसाला दोष द्यायचा, यात सुसंगती नाही. जो उन्हाळी तांदूळ सरकारी गोदामात साठून शेवटी डिस्टिलरीतच जाणार असेल, त्याच्या जागी ऊस असणे पाण्याच्या, ऊर्जेच्या आणि तिजोरीच्या अशा तिन्ही हिशेबांनी बरे.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप अन्नाचा आहे. जमीन आणि पाणी आधी पोटासाठी, मग चाकासाठी. हे तत्त्व मी पूर्ण मानतो, आणि म्हणूनच माझा युक्तिवाद पावसाळी धानाला हात लावत नाही. लावूही शकत नाही, कारण जमीनच तसे करू देणार नाही. भंडाऱ्याची बांधी ही पाणी अडवण्यासाठी घडवलेली आहे. तिच्यात जुलै ते सप्टेंबर पाणी उभे राहते आणि उसाची मुळे त्यात गुदमरतात. जुन्या महसुली वर्गवारीतल्या कन्हार, मोरांड, सिहार, बर्डी या जमिनींपैकी चांगला निचरा असलेली, नदीकाठची किंवा थोडी उंचावरची मोरांडच उसाला मानवते. सखल बांधीत ऊस लावणे म्हणजे पीक आणि बांधी दोन्ही बिघडवणे. तेव्हा ऊस धानाची जागा घेईल ती काही थोड्या शिवारांतच, आणि तिथेही मुख्यतः उन्हाळी धानाची. साखर हेही अन्नच आहे. त्या थोड्या शिवारांतल्या उसातूनही आधी साखर निघावी आणि इंधन मळीतून यावे, असे माझे म्हणणे आहे. एकरी ३० टन उसाच्या शेवटच्या मळीतून तीनशे लिटर इथेनॉल मिळते आणि त्यासाठी जास्तीचे थेंबभर पाणीही लागत नाही. पूर्ण रसाकडे वळायचे ते साखरेचे साठे खरोखर तुंबले असतील त्या वर्षीच.

अन्नाच्या आक्षेपातूनच भंडाऱ्यापुरता आणखी एक मार्ग निघतो. गिरणीत धान भरडताना कणी निघते, कोंडा निघतो, आणि धानाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढा तूस निघतो. कणीचा काही भाग लोक खातात, काही पशुखाद्यात जातो. उरलेली इथेनॉलला लावली तर अखंड तांदळाला हात लागत नाही, आणि जळण म्हणून तूस इथेच असल्याने कोळसा आणावा लागत नाही. उसाचा गाळप हंगाम चार-पाच महिन्यांचा. मळी साठवली तरी वर्षभर डिस्टिलरी चालवणे कठीण जाते. मळी आणि कणी दोन्हींवर चालणारी डिस्टिलरी धान-उसाच्या या पट्ट्याला शोभणारी आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांना मका दुरून आणावा लागतो, इथे कणी तुमसरच्या गिरण्यांत पडलेली आहे.

डिस्टिलरी आली की नदीचा प्रश्न येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. मळीपासूनच्या एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते बारा लिटर स्पेंटवॉश निघतो: तपकिरी, आम्लधर्मी, सेंद्रिय पदार्थांनी भरलेला. तो ओढ्यात गेला तर पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतो आणि मासे मरतात. महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यातल्या नद्यांनी हे अनेक उन्हाळ्यांत भोगले आहे. वैनगंगा पुढे भंडारा शहराजवळून वाहत गोसीखुर्दच्या जलाशयात जाते. तिच्यावर मासेमारी करणाऱ्या ढिवरांचे पोट तिच्या पाण्यावर आहे. तंत्र उपलब्ध आहे. स्पेंटवॉशपासून बायोगॅस काढता येतो, मग तो आटवून बॉयलरमध्ये जाळता येतो, आणि राखेतले पोटॅश शेताला परत देता येते. कायद्यानेही बाहेर एक थेंब सोडायचा नाही अशी अट आहे. ही यंत्रणा महाग आहे आणि ती बंद ठेवली तर पैसे वाचतात, हीच खरी अडचण. म्हणून वैनगंगेकाठी अशा कोणत्याही प्रकल्पाला मान्यता देताना नदीच्या पाण्याची तपासणी वरच्या आणि खालच्या दोन्ही अंगांना सतत व्हावी आणि तिचे आकडे ग्रामपंचायतीत लागावेत. ही मागणी मला प्रकल्पाच्या विरोधातली वाटत नाही, उलट त्याच्या टिकाऊपणासाठी आवश्यक वाटते.

गाडीवाल्याचा आक्षेप वेगळा आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते, तेव्हा वीस टक्के मिश्रणात ऊर्जा साधारण सात टक्क्यांनी घटते. इथेनॉलचा ऑक्टेन अंक जास्त असल्याने त्यासाठी बांधलेले इंजिन ही तूट बऱ्याच अंशी भरून काढते, जुने इंजिन नाही. नीती आयोगाच्या आराखड्यातच जुन्या चारचाकींना ६ ते ७ टक्के आणि दुचाकींना ३ ते ४ टक्के फटका बसेल असे नमूद आहे. वीस टक्क्यांना साजेशा नव्या गाड्या एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या, खेड्यातल्या बहुतेक मोटारसायकली त्याआधीच्या आहेत. त्यांच्या रबरी नळ्या आणि सील इथेनॉलने लवकर झिजू शकतात. ज्यांच्या गाड्या जुन्या, त्यांनाच कमी अंतर आणि जास्त दुरुस्ती सोसावी लागते आणि भाव मात्र तोच, ही तक्रार रास्त आहे. पंपावर दहा टक्क्यांचे पेट्रोल निवडता यायला हवे किंवा वीस टक्क्यांचे ऊर्जेच्या प्रमाणात स्वस्त हवे.

शेवटचा आक्षेप विजेचा, आणि तो सर्वांत बळकट आहे. एका एकराच्या सौर पॅनेलमधून वर्षाला तीन लाख युनिटच्या आसपास वीज मिळते. विजेची स्कूटर युनिटला तीस किलोमीटर जाते असे धरले तर नव्वद लाख किलोमीटर झाले. त्याच एकरातल्या उसाच्या २,१०० लिटर इथेनॉलवर चांगली स्कूटर सत्तर हजार किलोमीटर जाईल. शंभरपटीहून जास्त फरक आहे, आणि पॅनेलला पाणी तर जवळजवळ लागतच नाही. पडीक बर्डीवरही ती उभी राहतात. या आकड्यापुढे खास इंधनासाठी ऊस लावा असे म्हणणे टिकत नाही, आणि मी तसे म्हणतही नाही. पण आज रस्त्यावर असलेल्या कोट्यवधी पेट्रोल गाड्या पुढची दहा-पंधरा वर्षे पेट्रोलच मागणार, आणि साखरेसाठी ऊस पिकणार तोवर मळी निघणारच. तुमसर तालुक्यातल्याच डोंगरी बुजुर्गला मॉइल कंपनी मँगनीजपासून बॅटरीघटांत लागणारा डायऑक्साइड बनवते. म्हणजे विजेच्या युगाशीही या मातीचे नाते आहे. मधल्या काळासाठी मळी आणि कणी यांचे इथेनॉल जरूर करावे, मात्र तीस वर्षे टिकेल अशा मागणीच्या भरवशावर कोणी नवे उसाचे क्षेत्र आणि नवी गाळपक्षमता उभारू नये.

राहता राहिला शेतकऱ्याचा हिस्सा. इथेनॉलने ऊस उत्पादकाला काय दिले? एक गोष्ट नक्की दिली: तेल कंपन्यांकडून कारखान्याला पैसा काही आठवड्यांत येतो, साखर विकायला महिने लागतात, त्यामुळे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत उसाचे पैसे देणे कारखान्याला सोपे होते. पण नफ्याची वाटणी वेगळी गोष्ट आहे. रंगराजन समितीच्या २०१२ च्या शिफारशीवरून महाराष्ट्राने २०१३ मध्ये ऊस दर विनियमन कायदा केला. साखर आणि मळी, बगॅस, प्रेसमड या उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा शेतकऱ्याचा, असे त्याचे सूत्र आहे. त्यात मळी मोजली जाते, तिच्यापासून झालेले इथेनॉल नाही. मळी जर कारखान्याच्याच डिस्टिलरीला जात असेल तर तिचा भाव कोणी ठरवायचा? तो कमी दाखवला की शेतकऱ्याच्या वाट्याची रक्कम तिथेच घटते. बी हेवी मळीच्या बाबतीत प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण साखरेचा उतारा दीड टक्क्याने घटतो आणि उसाचा दर उताऱ्याशी बांधलेला आहे. ती घट भरून काढण्याची तरतूद आहे, पण तिचा हिशेब शेतकऱ्याला समजेल अशा रीतीने क्वचितच मांडला जातो. दुसऱ्या बाजूला कारखान्यांचीही अडचण खरी आहे. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर २०२२-२३ मध्ये क्विंटलला ३०५ रुपये होता, २०२५-२६ साठी तो ३५५ झाला. रसापासूनच्या इथेनॉलचा दर मात्र २०२२-२३ पासून लिटरला ६५ रुपये ६१ पैशांवरच राहिला. दोन्ही दर केंद्रच ठरवते. ते एका सूत्रात बांधले, आणि मळीचा भाव तिच्यातून मिळणाऱ्या इथेनॉलच्या दरावरून काढून उसाच्या बिलावर वेगळ्या ओळीत छापला, तर बपेऱ्याचा शेतकरी उन्हाळी धान आणि ऊस यांची तुलना स्वतःच्या आकड्यांनिशी करू शकेल. आणि कोणत्या शिवारात काय लावायचे, जलाशयाचे किती पाणी कशाला द्यायचे, हे पाणीवापर संस्थेच्या बैठकीत हंगामाआधी ठरवता येईल, गाळपाचा इष्टांक पुढे ठेवून नव्हे तर साठ्याची पातळी पाहून.